डॉ. बडवे यांनी कधीच न सांगितलेलं गरम नारळपाणी

खोबऱ्याचे दोन-तीन पातळ काप पेल्यात टाका, वरून गरम पाणी ओता आणि रोज प्या. हे पाणी ‘अल्कधर्मी’, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचं होतं, कॅन्सरच्या पेशी मारतं आणि चांगल्या पेशींना हातही लावत नाही. खाली नाव : डॉ. राजेंद्र बडवे, टाटा मेमोरियल हॉस्पिटल. आणि शेवटी कळकळीची विनंती, जमेल तितक्या लोकांना पाठवा, कुणाचा तरी जीव वाचेल.

हा मेसेज कितीतरी मराठी घरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येऊन गेला आहे आणि अजूनही अधूनमधून येतो. डॉ. बडवे खरे आहेत. स्तनाच्या कॅन्सरचे ते देशातले नामवंत शल्यचिकित्सक, आणि टाटा मेमोरियल सेंटरचे अनेक वर्षं संचालक होते. मेसेज मात्र त्यांचा नाही. टाटा मेमोरियलने तो खोटा असल्याचं जाहीर केलं, तरी त्याचा प्रवास थांबला नाही. गंमत वाटेल, पण हाच मजकूर आधी लिंबाच्या नावाने फिरत होता, आणि अननसाच्या नावानेही. त्यात बीजिंगच्या लष्करी रुग्णालयातल्या एका प्राध्यापकांचं नाव होतं. फळ बदललं, डॉक्टर बदलले, वाक्यं जवळपास तीच राहिली.

असे मेसेज पाठवणारी माणसं वाईट नसतात. घरात कुणाला तरी गाठ निघालेली असते, रिपोर्टची वाट पाहणं चालू असतं आणि अशा वेळी मावशी, काका, शेजारी जे हाती लागेल ते पाठवतात. म्हणून ‘अडाणी लोक काहीही फॉरवर्ड करतात’ असं म्हणून हा विषय झटकता येत नाही. एखादा सल्ला खरा की खोटा हे तो कुणाच्या नावाने आला किंवा वाचायला पटला यावरून ठरत नाही. ते कसं शोधून काढलं, यावरून ठरतं. तेवढंच या लेखात उलगडून सांगायचं आहे.

नोव्हेंबर २०२४ : एक पत्रकार परिषद आणि परळचं उत्तर

माजी क्रिकेटपटू आणि राजकारणी नवज्योतसिंग सिद्धू यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये अमृतसरला पत्रकार परिषद घेतली. त्यांच्या पत्नी नवज्योत कौर यांना स्तनाचा कॅन्सर झाला होता, तोही चौथ्या टप्प्याचा. त्या आता कॅन्सरमुक्त आहेत, ही आनंदाची बातमी त्यांनी दिली. पण सोबत आहाराची यादीही दिली : लिंबूपाणी, कच्ची हळद, कडुनिंबाची पानं, तुळस, साखर आणि मैदा बंद, संध्याकाळच्या जेवणानंतर थेट दुसऱ्या दिवशी उशिरा न्याहारी. ४० दिवसांत फरक पडला, असं सांगणारी ती चित्रफीत काही तासांत देशभर पोहोचली.

दोनच दिवसांत मुंबईत परळला असलेल्या टाटा मेमोरियलच्या आजी-माजी २६२ कॅन्सरतज्ज्ञांनी सह्या करून निवेदन काढलं : हळद किंवा कडुनिंबाने कॅन्सर बरा होतो याला आज पुरावा नाही, कुणीही त्यावर विसंबून उपचार लांबवू नयेत. रुग्णालयाचे संचालक डॉ. सी. एस. प्रमेश यांनी लोकांना आठवण करून दिली की त्या बाईंवर शस्त्रक्रिया झाली, केमोथेरपी झाली, आणि त्या बऱ्या झाल्या त्या त्यामुळे. पुढे सिद्धू यांनीही सांगितलं की आहार डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू होता आणि तो उपचाराला पूरक समजावा. पण पहिली चित्रफीत पाहिलेल्या किती जणांपर्यंत हा खुलासा पोहोचला असेल?

सिद्धू खोटं बोलत होते, असं मला वाटत नाही. त्यांनी जे पाहिलं ते सांगितलं. अडचण अशी की शस्त्रक्रिया, केमो आणि हळद हे सगळं एकाच माणसाला एकाच काळात मिळालं, तर गुण कशाचा हे डोळ्यांनी पाहून कळूच शकत नाही.

‘प्रयोगशाळेत सिद्ध झालंय’ म्हणजे काय सिद्ध झालं?

हळदीच्या मेसेजमध्ये हे वाक्य हमखास असतं आणि ते खोटं नसतं. हळदीत कर्क्युमिन नावाचा पिवळा घटक असतो. काचेच्या बशीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींवर तो ओतला तर त्या पेशी मरतात, असे पुष्कळ प्रयोग झाले आहेत. पण बशीतल्या पेशी ब्लीचनेही मरतात, मिठाच्या तीव्र द्रावणानेही मरतात. बशीतून माणसाच्या शरीरात जाताना मधे आतडी येतात, यकृत येतं, रक्त येतं. कर्क्युमिन आतड्यातून फार कमी शोषलं जातं, आणि जे शोषलं जातं त्याचं यकृत लगेच रूपांतर करून टाकतं. रुग्णांना रोज ८ ग्रॅम कर्क्युमिन देऊन पाहिलं, तरी त्यांच्या रक्तात ते नगण्यच सापडलं. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन असतं साधारण ३ टक्के, म्हणजे ८ ग्रॅमसाठी रोज पाव किलोहून जास्त हळद पोटात जायला हवी.

‘अल्कधर्मी’ पाण्याची गोष्ट तर आणखी सरळ आहे. आपल्या रक्ताची आम्लता मोजण्याचा आकडा, ज्याला पीएच म्हणतात, तो ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यातच राहतो. फुप्फुसं आणि मूत्रपिंडं तो क्षणोक्षणी सांभाळत असतात. तुम्ही लिंबू प्या, सोडा प्या किंवा खोबऱ्याचं पाणी प्या, ते आधी जठरातल्या तीव्र आम्लात पडतं. लघवीचा पीएच थोडाफार बदलेल, रक्ताचा नाही. तो खरोखर बदलला तर माणसाला अतिदक्षता विभागात हलवावं लागतं.

आणि साखर? इथे एक खरी गोष्ट आहे आणि तिच्यावर चढवलेला एक खोटा मजला आहे. कॅन्सरच्या पेशी साखर जास्त वापरतात, हे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकातच दाखवलं होतं. आजच्या पेट स्कॅनमध्ये शरीरात किरणोत्सारी साखर सोडून गाठ शोधतात, ते याच गुणामुळे. पण चहातली साखर बंद केली म्हणून गाठ उपाशी मरत नाही, कारण खाण्यातून साखर आली नाही तर यकृत स्वतः ती तयार करून रक्तात सोडतं. उपाशी आधी राहतो तो रुग्ण. केमो चालू असताना वजन झपाट्याने उतरलं तर उपचारच झेपेनासे होतात, आणि कॅन्सरच्या वॉर्डातले आहारतज्ज्ञ रोज याच्याशीच झगडत असतात. उपवासाच्या मेसेजमध्ये २०१६ च्या नोबेलचा दाखला असतो. तो पुरस्कार योशिनोरी ओसुमी यांना मिळाला हे खरं, पेशी स्वतःतला टाकाऊ भाग कसा पचवतात यावर त्यांनी काम केलं हेही खरं. पण त्यांचं मूळ संशोधन यीस्टवर, म्हणजे पाव फुगवणाऱ्या सूक्ष्म जीवांवर होतं. ‘उपवास करा, कॅन्सर जाईल’ असं त्या नोबेलमध्ये कुठेही नाही.

मग माणसात कसं तपासतात?

शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. नवं खत आलं की तो सगळ्या रानात ओतत नाही. एकाच रानात काही वाफ्यांना खत घालतो, काहींना नाही. माती तीच, पाणी तेच, बी तेच. कांदा काढल्यावर दोन्हीकडचं वजन करतो. सगळ्याच रानात खत घातलं आणि पीक चांगलं आलं, तर ते खतामुळे की त्या वर्षीच्या पावसामुळे, हे कोण सांगणार?

औषधांची चाचणी खरोखरच शेतातून आली आहे. रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात इंग्लंडमधल्या रॉदमस्टेड शेती संशोधन केंद्रात काम करताना असं सांगितलं की कोणत्या तुकड्याला खत मिळेल हे माणसाने ठरवू नये, चिठ्ठ्या टाकून ठरवावं. नाहीतर नकळत चांगल्या जमिनीलाच खत दिलं जातं. हीच पद्धत वैद्यकात १९४८ मध्ये गाजली. ब्रिटनमध्ये क्षयाच्या १०७ रुग्णांत चिठ्ठ्यांनी दोन गट केले. एका गटाला स्ट्रेप्टोमायसिन आणि विश्रांती, दुसऱ्याला नुसती विश्रांती. सहा महिन्यांनी पहिल्या गटातल्या ५५ पैकी ४ जण दगावले होते, दुसऱ्यातल्या ५२ पैकी १४. औषध चालतं हे आता कुणाच्या मतावर अवलंबून राहिलं नाही. विश्रांती घेऊन आपोआप सुधारणारेही दुसऱ्या गटात होते, आणि तो गट नसता तर त्यांचंही श्रेय औषधाला गेलं असतं. चिठ्ठ्या टाकून केलेल्या अशा तुलनेला पुढे मी नुसतं ‘चाचणी’ म्हणेन.

ज्या डॉ. बडवे यांच्या नावावर गरम नारळपाणी खपवलं जातं, त्यांनी खरोखर काय केलं ते पाहा. स्तनाच्या कॅन्सरची गाठ काढताना काही पेशी सुटून शरीरात पसरत असाव्यात, असा त्यांचा कयास होता. शस्त्रक्रियेच्या काही मिनिटं आधी गाठीभोवती लिग्नोकेन टोचलं तर हे थांबेल का? लिग्नोकेन म्हणजे दात काढताना हिरडी बधिर करायला देतात ते इंजेक्शन. देशातल्या ११ कॅन्सर केंद्रांत ही चाचणी चालली. तिची सुरुवात झाली २०११ मध्ये, आणि निकाल जगासमोर आला २०२२ मध्ये. सुमारे १,६०० स्त्रिया, चिठ्ठ्यांनी दोन गट, एकीकडे इंजेक्शन देऊन शस्त्रक्रिया, दुसरीकडे नेहमीची शस्त्रक्रिया. पाच वर्षांनी इंजेक्शनच्या गटातल्या ९०.१ टक्के स्त्रिया हयात होत्या, दुसऱ्या गटातल्या ८६.४ टक्के.

फरक चार टक्क्यांहूनही कमी. आणि कॅन्सरच्या जगात ही मोठी बातमी होती, कारण शंभर रुपयांच्या आतल्या इंजेक्शनने दर शंभरात तीन-चार जीव जास्त वाचत होते. खऱ्या शोधाला अकरा वर्षं लागली आणि हाती लागला एवढा फरक. त्याच डॉक्टरांच्या नावावरचा मेसेज मात्र पेलाभर पाण्यात सगळा कॅन्सर संपवतो.

‘कंपन्या आणि डॉक्टर स्वस्त उपाय दडपतात’

या आक्षेपात रागाचं एक खरं कारण आहे. खाजगी रुग्णालयांची बिलं लोकांनी भरली आहेत, जमीन गहाण टाकून भरली आहेत. कंपन्यांनी गैरसोयीचे निकाल लपवल्याची उदाहरणंही जगात आहेत. पण ‘स्वस्त आहे म्हणून दडपलं’ हे मात्र वरच्या इंजेक्शनलाच लागू पडत नाही. त्यावर कुणाचं पेटंट नाही, कुणाला त्यातून पैसा मिळणार नाही, तरी सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेने ते तपासलं आणि निकाल उघड छापला.

दुसरं उदाहरण तर स्वयंपाकघरातलंच आहे. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर लवकर ओळखण्यासाठी पॅप स्मीअर तपासणी लागते, पण तिला प्रयोगशाळा आणि तज्ज्ञ लागतात. टाटा मेमोरियलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत वेगळं करून पाहिलं. जेमतेम प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविकांनी व्हिनेगरसारखं ४ टक्क्यांचं सौम्य आम्ल गर्भाशयाच्या मुखाला लावायचं. संशयास्पद भाग पांढरा दिसतो. सुमारे दीड लाख स्त्रिया या चाचणीत होत्या. जिथे ही तपासणी झाली तिथे या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. दुसऱ्या गटातल्या स्त्रियांना फक्त माहिती आणि नेहमीचे उपचार दिले, तपासणी नाही, यावर पुढे नैतिक आक्षेपही घेतले गेले, आणि ते वाद उघडपणे झाले.

म्हणजे परळचे डॉक्टर घरगुती गोष्टींना नाक मुरडत नाहीत. व्हिनेगरने काम होतं का, हे त्यांनी दीड लाख स्त्रियांत तपासलं. गरम नारळपाण्याला तोच प्रश्न विचारला तर दाखवायला एकही चाचणी नाही.

‘झाडपाल्यातूनच तर औषधं आली ना?’

आली, नक्कीच आली. आपल्या अंगणातली सदाफुली घ्या. ‘रोज सदाफुलीची चार पानं चावा, शुगर जाईल’ हा मेसेज तुम्ही वाचला असेल. जमैकात लोक मधुमेहासाठी या झाडाचा काढा पीत. तिथून पानं कॅनडाला पोहोचली, रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर या शास्त्रज्ञांकडे. त्यांनी उंदरांना काढा पाजला. साखर उतरली नाही. मग अर्क टोचून पाहिला, तर उंदीर जंतुसंसर्गाने मेले, कारण त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी भराभर कमी झाल्या होत्या. दुसऱ्या कुणी हा प्रयोग इथेच सोडला असता. यांच्या मनात आलं, पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात तो आजार म्हणजे रक्ताचा कॅन्सर, मग हे तिथे चालेल का? १९५८ च्या सुमारास त्यातून विनब्लास्टिन हाती लागलं. त्याच झाडातून पुढे आलेलं विनक्रिस्टिन आजही लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये वापरतात.

किती सुंदर गोष्ट आहे ही. पण तिच्यातून निघणारा निष्कर्ष मेसेजच्या बरोबर उलट आहे. परंपरेने ज्या आजारासाठी झाड वापरलं, त्यावर ते चाललं नाही. ज्यावर चाललं, ते कुणाला माहीत नव्हतं. शिवाय औषध म्हणून लागणारा ग्रॅमभर घटक काढायला शेकडो किलो वाळलेली पानं लागतात, तो मिलिग्रॅममध्ये मोजून शिरेतून द्यावा लागतो, आणि मात्रा थोडी चुकली तर जिवावर बेततं. सदाफुलीचं झाड विषारी आहे. पानं चावून यातलं काहीच साधत नाही.

‘नैसर्गिक आहे, अपाय तर होणार नाही?’

करोनाच्या पहिल्या लाटेत प्रतिकारशक्तीसाठी गुळवेलीचा काढा घरोघर शिजत होता. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईतल्या डॉक्टरांकडे कावीळ होऊन आलेल्या सहा रुग्णांत एकच धागा सापडला : सगळे गुळवेल घेत होते. यकृततज्ज्ञांनी ही निरीक्षणं २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेली वेल खरंच गुळवेल होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात, हे नीट तपासलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. हा आक्षेप अगदीच गैर नव्हता. २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांतून अशा ४३ रुग्णांची माहिती एकत्र करून छापली गेली, त्यात वनस्पतीची रासायनिक तपासणीही होती. बऱ्याच रुग्णांत शरीर स्वतःच्याच यकृतावर हल्ला करतं तसा प्रकार दिसला.

लाखो लोकांनी काढा घेतला आणि त्यांना काही झालं नाही, हेही तितकंच खरं. पण जी वस्तू शरीरात काहीतरी ‘करते’, ती नको तेही करू शकते. भाजीतल्या हळदीबद्दल कुणाची तक्रार नाही. मिऱ्याचा अर्क मिसळून शोषण वाढवलेल्या कर्क्युमिनच्या कॅप्सूल ही वेगळी गोष्ट आहे, आणि त्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी अमेरिकेत झाल्या आहेत. केमो चालू असताना असं काही घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. ते रागावतील म्हणून लपवू नका, कारण केमोच्या औषधांची विल्हेवाट लावायचं कामही याच यकृताकडे असतं.

सर्वांत मोठा अपाय मात्र काढ्यात नसतो, तो हातातून निसटलेल्या वेळेत असतो. अमेरिकेत येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये एक अभ्यास छापला. ज्यांचा कॅन्सर अजून दूर पसरला नव्हता आणि तरी ज्यांनी नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेतले, असे २८१ रुग्ण त्यांनी शोधले आणि नेहमीचे उपचार घेतलेल्या त्यांच्यासारख्याच रुग्णांशी तुलना केली. पर्यायी गटात मृत्यूचा धोका अडीच पट होता. स्तनाच्या कॅन्सरमध्ये तो साडेपाच पटीहून जास्त निघाला. ही चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी नव्हती आणि तशी करता येणारही नाही, कारण कुणाला मुद्दाम उपचारांविना कसं ठेवणार? पर्यायी मार्ग निवडणारे लोक जास्त शिकलेले आणि जास्त कमावणारे होते, हीसुद्धा त्याच अभ्यासातली नोंद आहे.

मधुमेहाचंही तसंच. टाइप १ मधुमेह झालेल्या मुलाच्या शरीरात इन्शुलिन तयारच होत नाही. कुणाच्या तरी रीलवरचा काढा सुरू करून त्याचं इन्शुलिन बंद केलं, तर काही दिवसांत जीव जाऊ शकतो. असं सुचवणारी कुठलीही पोस्ट पुढे पाठवू नका, एवढी विनंती मी हात जोडून करते.

‘पण आमच्या काकूंना फरक पडला!’

हा सगळ्यात मनापासून येणारा आक्षेप आहे, आणि त्याला ‘योगायोग असेल’ एवढंच उत्तर देणं उद्धटपणाचं होईल. काकूंना बरं वाटलं हे खरं. प्रश्न इतकाच की कशामुळे. सांधेदुखी, अर्धशिशी, त्वचेचे विकार, पित्त यांना चढ-उतार असतो, आणि माणूस नवा उपाय करतो तो त्रास कळसाला पोहोचल्यावर. त्यानंतर काहीही केलं नाही तरी बहुतेकदा थोडा उतार पडतोच. दुसरं म्हणजे, काढ्यासोबत डॉक्टरांच्या गोळ्याही चालू असतात, पण त्या रोजच्या झालेल्या असल्यामुळे त्यांचं नाव गोष्टीत येत नाही.

तिसरं कारण फार जड आहे. ज्यांनी फक्त काढ्यावर विश्वास ठेवला आणि जे गेले, ते चित्रफीत करू शकत नाहीत. त्यांच्या घरचेही बोलत नाहीत. दुःख असतं, आणि बऱ्याचदा स्वतःला लावून घेतलेला दोष असतो. त्यामुळे आपल्यापर्यंत पोहोचतात त्या फक्त बऱ्या झालेल्यांच्या गोष्टी.

‘डॉक्टरही मत बदलतात की’

बदलतात. अंड्यातल्या कोलेस्टेरॉलबद्दल वर्षानुवर्षं धाक घातला गेला, आणि अमेरिकेच्या २०१५-२० या काळासाठीच्या आहार-शिफारशींतून रोजच्या ३०० मिलिग्रॅमची मर्यादा निघून गेली. नवा पुरावा आला की जुनं मत सोडायचं आणि ते जाहीरपणे सोडायचं, ही या पद्धतीची जमेची बाजू आहे. नारळपाण्याच्या मेसेजमध्ये इतक्या वर्षांत एकही दुरुस्ती झालेली नाही.

सोशल मीडियावर सगळंच टाकाऊ असतं असंही नाही. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी अनेक वर्षं समाजमाध्यमांतून सांगितलं की ‘ओआरएस’ नाव लावून विकली जाणारी गोड पेयं म्हणजे जुलाबावरचं खरं ओआरएस नव्हे, त्यातली जास्तीची साखर जुलाब वाढवू शकते. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ठरलेलं सूत्र न पाळणाऱ्या पेयांना ते नाव वापरायला मनाई केली. हा सल्लाही फोनवरूनच पसरला. पण त्यात डॉक्टरांनी स्वतःचं नाव आणि चेहरा पुढे केला होता, जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र दाखवलं होतं, बाटलीवरच्या साखरेचा आकडा कुणालाही वाचून पडताळता येत होता, आणि विकायला काही नव्हतं.

मेसेज हातात आल्यावर

आधी दोन बाण आणि ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ ही खूण दिसते का ते पाहा. असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो, ही मर्यादा व्हॉट्सअ‍ॅपने एप्रिल २०२० पासून घातली आहे. मजकुरातल्या डॉक्टरांचं नाव आणि ‘खोटा मेसेज’ असे शब्द टाकून शोधा. नारळपाण्याचं पितळ या एका शोधात उघडं पडतं. चित्रफीत असेल तर जास्त जपून, कारण नामवंत डॉक्टरांचा चेहरा आणि आवाज संगणकाने बनवून औषधं विकली जाताहेत. सांगणारा स्वतःला डॉक्टर म्हणवत असेल तर त्याचा नोंदणी क्रमांक असतो, महाराष्ट्रातल्या ॲलोपॅथी डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असते. पोस्टच्या तळाशी कॅप्सूलची लिंक आहे का तेही पाहा. कॅन्सर, मधुमेह अशा आजारांवर रामबाण इलाज असल्याची जाहिरात करणं १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे अनेकांना माहीतच नसतं.

अर्धसत्याला सगळ्यात जास्त जपावं. ‘चेन्नईच्या अड्यार कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये इमिटिनेफ मर्सिलेट नावाचं औषध फुकट मिळतं, त्याने रक्ताचा कॅन्सर बरा होतो’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. संस्था खरी आहे. औषधही खरं आहे, पण त्याचं नाव इमॅटिनिब मेसिलेट, ते रक्ताच्या कॅन्सरच्या मुख्यतः एका प्रकारावर चालतं, आणि ते मुंबईत, पुण्यात, नागपुरातही मिळतं. या मेसेजवर विसंबून आजारी माणसाला घेऊन चेन्नईची गाडी पकडणारं कुटुंब नुसतं खर्चात पडत नाही, त्याचे मोलाचे दिवस जातात.

खर्चाची धास्ती हेच काढ्याकडे वळण्याचं कारण असेल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. महाराष्ट्रातल्या रहिवासी कुटुंबांना तिच्यात वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात आणि कॅन्सरचे अनेक उपचार त्यात येतात. योजनेतल्या रुग्णालयांत आरोग्यमित्र बसतात, कागदपत्रांचं तेच सांगतात.

आणि काकांना उत्तर काय द्यायचं?

भर ग्रुपवर ‘हे खोटं आहे’ असं लिहिलं की काका दुखावतात आणि मेसेज पुसत नाहीत. फोन करावा किंवा त्यांना एकट्यालाच लिहावं. त्यांची काळजी खरी आहे हे आधी मान्य करावं, आणि मग मोजकंच सांगावं : ‘काका, तुम्ही सुमनमावशीसाठी पाठवलंत ते समजलं. टाटावाल्यांनीच सांगितलंय की हा मेसेज बडवे डॉक्टरांचा नाही. मावशी खोबऱ्याचं पाणी आवडीने पीत असेल तर पिऊ दे, फक्त डॉक्टरांना विचारून. पण सोमवारची केमो चुकवायची नाही. तिला घेऊन जायला मी येते, तुम्ही याल का सोबत?’